अंतर आणि विस्थापन : एका संज्ञायुग्माचा विचार

भौतिकशास्त्रातील गतीचा विचार शालेय पातळीवर ज्या दोन संज्ञांपासून सुरू होतो त्या 'अंतर' आणि 'विस्थापन' या होत. एखादी वस्तू एका स्थानापासून दुसऱ्या स्थानापर्यंत ज्या वाटेने गेली त्या वाटेची एकूण लांबी म्हणजे अंतर. आणि आरंभीच्या स्थानापासून अखेरच्या स्थानाकडे जाणारा, दिशेने युक्त असा सरळ रेषाखंड म्हणजे विस्थापन. पहिली राशी अदिश, दुसरी सदिश. चारशे मीटरच्या धावपट्टीवर एक पूर्ण फेरी मारणाऱ्या धावपटूने ४०० मीटर अंतर कापलेले असते, पण त्याचे विस्थापन शून्य असते. पूर्वेस ३ किलोमीटर आणि नंतर उत्तरेस ४ किलोमीटर चालणाऱ्याचे अंतर ७ किलोमीटर भरते, विस्थापन मात्र ५ किलोमीटर, आणि तेही ईशान्येच्या अंगाला. अंतर बेरजेने वाढतच जाते. विस्थापन वाढते, घटते, नाहीसेही होते.

हा भेद केवळ परीक्षेतील दोन गुणांचा नाही. निसर्गातील काही बळांना फक्त विस्थापन कळते, काहींना वाट कळते. घागर घेऊन टेकडी चढणाऱ्या मनुष्यावर गुरुत्वाने किती कार्य केले हे तो सरळ पायऱ्यांनी चढला की वळणावळणाच्या पाऊलवाटेने, यावर मुळीच अवलंबून नसते. पायथा आणि माथा यांच्या उंचीतील फरक तेवढा पुरतो. तो घागरीसह परत खाली आला की गुरुत्वाच्या हिशेबी जमा-खर्च शून्य. घर्षणाचे असे नाही. वाट जितकी लांब तितकी झीज अधिक, आणि परतीच्या वाटेवर ती भरून निघत नाही, दुप्पट होते. ऊर्जेची अक्षय्यता, स्थितिज ऊर्जा, कक्षेत फिरणारे ग्रह हे सारे पुढचे शास्त्र या भेदावर उभे आहे. तो नववीत निसटला तर पुढे सूत्रे पाठ होतात, पण अर्थ हाती लागत नाही.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याकडून तो वारंवार निसटतो, आणि त्याची कारणे बहुधा विद्यार्थ्याच्या बुद्धीत, शिक्षकाच्या तयारीत किंवा माध्यमाच्या 'असमर्थते'त शोधली जातात. संज्ञांकडे बोट क्वचितच जाते. वास्तविक या ठिकाणी दोष माध्यमाचा नसून निवडीचा आहे: मराठीजवळ जे शब्द होते ते बाजूला राहिले आणि जे दोन घेतले गेले ते दोन्ही आपल्या कामाला विसंगत ठरले.

प्रथम 'अंतर' पाहावे. मराठीत हा शब्द मुळात वाटेचा नाही, दुराव्याचा आहे. संस्कृतातील 'अन्तर' आतला भाग सांगतो, दोहोंमधील मोकळी जागा सांगतो, भेद सांगतो. मराठीने हे सगळे अर्थ घेतले आणि आपले काही जोडले. दोन खांबांतील अंतर, दोन भावंडांच्या वयातील अंतर, बोलण्यात आणि करण्यात अंतर, स्नेह्यांत पडलेले अंतर. शरण आलेल्याला 'अंतर देऊ नये' असे म्हटले जाते तेव्हा त्याचा अर्थ त्याला टाकू नये असा असतो. आणि 'माहेर अंतरले' या दोन शब्दांत जे आहे ते कोणत्याही मोजपट्टीने मोजता येत नाही. या सर्व प्रयोगांत दोन टोके आहेत आणि मध्ये पोकळी आहे. वाट कोठेच नाही. म्हणून 'दोन ठिकाणांमधील अंतर' हे शब्द कानी पडताच मराठी मुलाच्या मनात सहजपणे जी आकृती उभी राहते ती दोन बिंदू जोडणाऱ्या सरळ रेषेची, म्हणजेच शास्त्राच्या भाषेत विस्थापनाच्या परिमाणाची. मग शिक्षक त्याला सांगतो की हे अंतर नव्हे. मुलाचा भाषिक संस्कार बरोबर असतो आणि उत्तर चूक ठरते.

मैलाच्या दगडांनी या शब्दाला रस्त्याच्या लांबीचा अर्थ जोडला हे खरे. परंतु तो जोडलेलाच राहिला. त्यासाठी 'कापलेले' हे विशेषण पुढे लावावे लागते, आणि उलट बाजूने 'सरळ रेषेतील' किंवा 'हवाई' असा खुलासा करावा लागतो. स्वतःच्या बळावर उभी राहू न शकणारी, दोन्हीकडून टेकू मागणारी संज्ञा पारिभाषिक म्हणवून घेण्यास अपुरी होय.

पाठ्यपुस्तकी व्याख्येने या गोंधळात मोलाची भर घातली आहे. विस्थापन म्हणजे आरंभ आणि अंतिम बिंदूंमधील 'सर्वांत कमी अंतर', अशी व्याख्या वर्गावर्गांतून फळ्यावर लिहिली जाते. तीत एका संज्ञेची ओळख तिच्याच प्रतिस्पर्धी संज्ञेने करून दिली आहे. अंतर म्हणजे वाटेची लांबी असे आधीच्या ओळीत ठरवले असेल, तर 'सर्वांत कमी अंतर' ही सर्वांत आखूड वाटेची लांबी झाली. ती अदिशच राहणार. दिशा, जी विस्थापनाचा प्राण आहे, व्याख्येतून गळून पडली. शिवाय 'सर्वांत कमी' म्हटले की विद्यार्थी अनेक वाटांची तुलना करू लागतो, आणि घाटातला जवळचा रस्ता हेच विस्थापन असे त्याला वाटले तर त्याला दोष देता येत नाही. विस्थापनाचा वाटांच्या तुलनेशी काही संबंध नाही. ते वाटेकडे पाहतच नाही. व्याख्येचे दोन शब्द पुरेसे आहेत: स्थानातील बदल. परंतु तसे लिहिले की 'विस्थापन' हा शब्द वर कशासाठी टांगला आहे असा प्रश्न उभा राहतो.

त्या शब्दाची घडण तपासण्याजोगी आहे. 'स्था' म्हणजे उभे असणे. त्याचे प्रयोजक रूप घेतले की 'स्थापन', म्हणजे उभे करणे, बसवणे. मूर्ती स्वतः स्थापन होत नाही, कोणीतरी तिची स्थापना करतो. या 'स्थापना'ला 'वि' लागला की बसवलेले उठवणे असा अर्थ निघतो. उठवणारा येथे गृहीत आहे; शब्दाच्या घडणीतच कर्ता दडलेला आहे. (कठोर व्याकरण पाहता 'अधिष्ठान', 'प्रतिष्ठा' यांप्रमाणे येथेही मूर्धन्य 'ष' यावयास हवा होता. तो आणला असता तर शब्दाचे काय झाले असते हे सुज्ञांस सांगणे नलगे. संज्ञाकारांनी व्याकरणापेक्षा शिष्टाचार राखला.) आता गतीच्या ज्या प्राथमिक शाखेत ही संज्ञा वापरली जाते, त्या शाखेचे वैशिष्ट्यच असे की ती गतीचे कारण विचारीत नाही. चेंडू कोणी फेकला, गाडी कशाने चालली, हे प्रश्न बळाच्या प्रकरणात येतात. येथे केवळ कोठून कोठे, किती वेळात, एवढेच पाहावयाचे असते. जेथे कर्ता विचारायचाच नाही तेथे कर्ता गर्भित असलेला शब्द बसवला गेला.

असे का झाले याचे उत्तर इंग्रजी शब्दात आहे. तेथील 'डिस्प्लेसमेंट' हा एकच शब्द तीन-चार घरची चाकरी करतो. पाण्यात बुडवलेल्या वस्तूने बाजूला सारलेले पाणी, मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा टाकल्यावर लोखंडाने तांब्याची घेतलेली जागा, युद्धात घरदार सोडावे लागलेली माणसे, आणि कणाच्या स्थानातील बदल, या सर्वांना तो शब्द चालतो. पहिल्या तिन्हींत सारणारा आणि सारला जाणारा आहे, म्हणून 'विस्थापन' तेथे शोभते. रसायनशास्त्रातील 'विस्थापन अभिक्रिया' ही संज्ञा निर्दोष आहे. चौथ्या ठिकाणी तो शब्द अर्थ पाहून नव्हे, इंग्रजी शब्दाच्या पाठोपाठ आला. इंग्रजीने जी संदिग्धता ऐतिहासिक कारणांनी सोसली ती मराठीने विनाकारण पत्करली. नव्याने संज्ञा घडवणाऱ्या भाषेला एक सोय असते, जुन्या भाषेचे अपघात टाळण्याची. ती येथे वाया गेली.

इतर भारतीय भाषांनी हाच प्रश्न कसा सोडवला हे पाहणे उद्बोधक आहे. हिंदीने 'दूरी' आणि 'विस्थापन' ही जोडी ठरवली; मराठीचे विस्थापन तिच्याशी जुळते. बंगालीने मात्र 'सरण' हा शब्द घेतला. 'सृ' म्हणजे सरकणे. कोणी सरकवले याची वाच्यता नाही, प्रयोजकाचा भार नाही, तीन अक्षरी सुटसुटीत संज्ञा. शास्त्रीय लेखनाची दीर्घ परंपरा असलेल्या भाषेचा हात येथे दिसतो. गुजराती आणि मल्याळम या एकमेकींपासून इतक्या दूर असलेल्या भाषा 'स्थानांतर' या शब्दावर एकत्र आल्या. कन्नडमध्ये 'स्थानपल्लट' आहे. 'पल्लट' म्हणजे पालट, हे मराठी वाचकाला कोशाशिवाय कळावे. तेलुगूचा 'स्थानभ्रंश' मात्र मराठी कानाला दचकवतो, कारण मराठीत भ्रंश बुद्धीचा किंवा पदाचा होतो आणि त्यात पतन असते. तेलुगू विद्यार्थ्याला तसे ऐकू येते की नाही हे त्या भाषेच्या जाणकारांनी सांगावे. तमिळने 'इडप्पेयर्च्चि' असा शब्द केला: 'इडम्' म्हणजे जागा आणि 'पेयर्च्चि' म्हणजे हलणे, सरणे. गुरू ग्रह एका राशीतून दुसरीत जातो त्यालाही तमिळ पंचांगात 'गुरुप्पेयर्च्चि'च म्हणतात. घरोघरी पंचांगातून परिचित असलेला शब्द शास्त्राने उचलला. याहून सहज संज्ञानिर्मिती क्वचितच आढळेल.

याच जोडीच्या पुढे चाल आणि वेग ही दुसरी जोडी येते, आणि तेथे तमिळचा विवेक अधिकच डोळ्यात भरतो. हिंदी, मराठी, बंगाली, गुजराती, कन्नड, तेलुगू या भाषांत 'वेग' ही सदिश राशी आहे. अदिश राशीला कोठे 'चाल', कोठे 'द्रुति', कोठे 'झडप', कोठे 'जव', कोठे 'वडि' म्हणतात. तमिळमध्ये 'वेगम्' हीच अदिश राशी, आणि सदिश राशीला 'दिशैवेगम्', म्हणजे दिशेसह वेग. मल्याळममध्ये सदिश राशी 'प्रवेग'. तात्पर्य, 'वेग' हा एकच संस्कृत शब्द कोल्हापुरात एक राशी सांगतो आणि कोइमतूरमध्ये दुसरी.

अखिल भारतीय एकरूपतेच्या ज्या युक्तिवादावर संस्कृतनिष्ठ परिभाषेची उभारणी झाली, त्याची कसोटी येथे लागते. घटनेच्या ३५१ व्या अनुच्छेदाने हिंदीच्या शब्दसमृद्धीसाठी मुख्यतः संस्कृतकडे पाहण्यास सांगितले. महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले. केंद्रात १९६१ मध्ये वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग आला. या संस्थांनी केलेले काम अवाढव्य आहे आणि त्याची थट्टा करण्याची जी पद्धत पडली आहे ती कृतघ्नपणाची आहे. त्या कामाविना कोणत्याही भारतीय भाषेत विज्ञानाचे एक पानही नीट लिहिता आले नसते. परंतु संस्कृत धातूंचे समान भांडार वापरले की भारतीय भाषांतील संज्ञा आपोआप परस्परसुलभ होतील ही त्यामागची श्रद्धा वस्तुस्थितीने खरी ठरवली नाही. भांडार समान राहिले. प्रत्येक भाषेने त्यातून वेगळे भांडे उचलले, आणि एकच भांडे उचलले तेव्हाही त्यात वेगळे अन्न शिजवले. असे होणे स्वाभाविक होते, कारण तत्सम शब्द कोशात एक असला तरी प्रत्येक भाषेच्या वापरात त्याचे आयुष्य निराळे असते. 'अंतर' गुजरातीतही आहे, पण त्याचे मराठीतील माहेर 'अंतरण्या'शी असलेले नाते तेथे तसेच असेल असे गृहीत धरता येत नाही. तेव्हा एकरूपता साधली नाही आणि स्वभाषेतील सुबोधताही गेली, असा हा दुहेरी तोट्याचा व्यवहार झाला.

मराठीजवळ काय होते ते आता पाहावे. ज्या समाजाने पायी चालण्याचे महत्त्व इतके मानले त्याच्या भाषेत वाट आणि मुक्काम यांचा भेद नसता तरच नवल. 'मजल', 'टप्पा', 'पल्ला' हे शब्द चाललेल्या वाटेचे आहेत. 'पायपीट' ही तर निखळ मार्गलांबी, तीही श्रमासह. 'येरझारा' म्हणजे अंतर वाढत असताना विस्थापन पुनःपुन्हा शून्यावर येणे. 'हेलपाटा' या शब्दाला तर कोणत्याही भाषेने हेवा करावा: कचेरीत जावे, साहेब नाहीत असे कळावे आणि परत यावे, या सर्व क्रियेचे अंतर, विस्थापन आणि वैताग चार अक्षरांत बांधून ठेवलेले आहेत. घाण्याचा बैल दिवसभर चालून जागच्या जागी असतो हे सांगण्यासाठी तेल्याला सदिश राशीची गरज पडली नाही. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' या म्हणीत आरंभबिंदू आणि अंतिम बिंदू एकच असून मार्गलांबी गावाच्या परिघाएवढी आहे. 'द्राविडी प्राणायामा'त हात आणि नाक ही दोन स्थाने निश्चित आहेत, म्हणजे विस्थापन तेच. फरक फक्त डोक्यामागून घातलेल्या वळशाचा. (दक्षिणेतील विद्वानांनी या विशेषणाबद्दल मराठीला क्षमा करावी.) आळंदी आणि पंढरपूर यांमध्ये सरळ रेषेत सुमारे १९० किलोमीटर पडतात, पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस असे मुक्काम करीत जाणाऱ्या पालखीची वाट त्याहून बरीच अधिक भरते, आणि पालखी परत आळंदीस आली की विस्थापन शून्य. 'वारी' या शब्दात जाणे आणि येणे दोन्ही आहे. केवळ जाण्याला वारी म्हणत नाहीत.

ग्रंथपरंपरेतही हा विषय अपरिचित नव्हता. भास्कराचार्यांच्या ११५० मधील 'लीलावती'त दोन वानरांचे एक गणित आहे. शंभर हात उंच झाडावर दोन वानर बसले आहेत. झाडापासून दोनशे हातांवर एक तळे आहे. एक वानर झाडावरून खाली उतरून जमिनीवरून तळ्यावर जातो. दुसरा आणखी काही उंच उडी घेतो आणि तेथून कर्णमार्गाने थेट तळ्यावर उतरतो. दोघांची वाटचाल समान झाली. तर दुसऱ्याची उडी किती? उत्तर पन्नास हात. पहिल्याचे शंभर अधिक दोनशे, दुसऱ्याचे पन्नास अधिक अडीचशे, दोघांचेही तीनशे. आजच्या भाषेत मांडावयाचे तर मार्ग भिन्न, अंतर समान आणि विस्थापनही समान, सुमारे २२४ हात. भास्कराचार्यांनी ही शेवटची संख्या काढलेली नाही, कारण प्रश्नाला तिची गरज नव्हती. कर्ण ही भूमितीतील बाजू त्यांना उत्तम माहीत होती. परंतु दिशायुक्त रेषाखंड ही स्वतंत्र राशी मानून तिची बेरीज-वजाबाकी करणारे सदिशांचे गणित एकोणिसाव्या शतकात हॅमिल्टन, गिब्ज, हेविसाइड यांच्या हातून आकारास आले. विस्थापनाची खरी नवलाई तेथे आहे आणि शिकवताना भर द्यावयाचा तो तेथेच. या भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावाजवळच्या पाटण येथे मठ काढला. त्याच्या शके ११२८ च्या शिलालेखाचा काही भाग संस्कृतात असून दानाचा तपशील मात्र मराठीत आहे. विद्वत्तेचा गौरव संस्कृतात आणि प्रत्यक्ष देण्याघेण्याचा हिशेब लोकांच्या भाषेत, अशी ही आठशे वर्षांपूर्वीची विभागणी परिभाषाकारांनी मनावर घेण्यासारखी होती.

'विस्थापन' या संज्ञेविरुद्ध आणखी एक कारण आहे, आणि ते वर्गाबाहेरचे आहे. गेल्या काही दशकांत या शब्दाचा सामाजिक अर्थ इतका प्रबळ झाला आहे की वृत्तपत्र वाचणाऱ्या घरातील मुलाला तोच प्रथम आठवतो. त्यात नर्मदेच्या खोऱ्याचा वाटा मोठा आहे, आणि योगायोग असा की नर्मदेच्या तीरावर या भेदाची दोन्ही टोके एकत्र पाहावयास मिळतात. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर; ती न ओलांडता, उजव्या हाताला ठेवून दोन्ही तीरांनी पूर्ण प्रदक्षिणा करणारा परकम्मावासी २,६०० किलोमीटरांहून अधिक चालतो आणि निघाला त्याच ठिकाणी येतो. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'ने ही परिक्रमा मराठी वाचकांच्या मनात वसवली. प्रचंड अंतर, शून्य विस्थापन. त्याच तीरावर सरदार सरोवर झाले. आज नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या मणिबेलीसह महाराष्ट्रातील ३३ गावे त्याच्या बुडिताच्या कक्षेत आली. मणिबेलीजवळचे शूलपाणेश्वराचे जुने मंदिर पाण्याखाली गेले आणि परिक्रमेची वाटही बदलली. काही कुटुंबे गुजरातेतील वसाहतींत गेली. नकाशावर ही स्थलांतरे काही मैलांची दिसतात.

येथे दोन अर्थांची सरमिसळ दोन्ही अर्थांना बाधक ठरते. भौतिकशास्त्राचे विस्थापन वाट विसरते. आरंभ आणि शेवट यांच्या वजाबाकीत मधले सगळे नाहीसे होते, आणि तेच त्याचे सामर्थ्य आहे. कार्यालयीन भाषेतील विस्थापन नेमके हेच करू पाहते: तेथील घराच्या जागी येथील घर, तेथील शेताच्या जागी येथील शेत, मांडली वजाबाकी. मधली वर्षे, तात्पुरते निवारे, कचेऱ्यांचे हेलपाटे, तुटलेले गावकीचे आणि देवकीचे संबंध हे सारे मार्गलांबीत मोडते आणि म्हणून हिशेबात येत नाही. त्या शब्दाच्या घडणीत उठवणारा कर्ता आहे हे वर आलेच. परंतु 'अमुक गावांचे विस्थापन झाले' अशी वाक्ये लिहून तोही अदृश्य करता येतो. कोयनेपासून उजनीपर्यंत अनेक प्रकल्पांच्या संदर्भात मराठीत रुळलेला 'धरणग्रस्त' हा शब्द या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे: काय ग्रासले ते तो पहिल्या तीन अक्षरांत सांगतो. राज्याच्या १९९९ च्या पुनर्वसन कायद्याने 'प्रकल्पबाधित' असे सौम्य रूप पसंत केले, तरी कारण तेथेही शिल्लक आहे. विस्थापन हा शब्द माणसांच्या बाबतीत वापरावयाचाच असेल तर त्याच्या पूर्ण कर्त्यासह वापरावा. आणि तो तसा वापरता यावा म्हणून धावपट्टीवरील धावपटूला त्यातून मोकळे करावे.

पर्याय काय? गतिशास्त्रापुरता 'स्थानबदल' हा शब्द घ्यावा. त्यात व्याख्या सामावलेली आहे. तो शब्द ज्याला कळला त्याला वेगळी व्याख्या पाठ करावी लागत नाही. कर्ता त्यात नाही. 'कोठून कोठे' हा प्रश्न तो आपोआप विचारायला लावतो, आणि त्या प्रश्नात दिशा असतेच. 'कोनीय स्थानबदल', 'स्थानबदल-काल आलेख' अशी साधित रूपे विनासायास होतात. वाटेच्या लांबीसाठी 'मार्गलांबी' असावी. 'पल्ला' अधिक गोड आहे, पण तोफेचाही पल्ला असतो आणि तो सरळ मारा सांगतो, म्हणून त्याचा मोह आवरलेला बरा. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या हिंदी भौतिकशास्त्रात 'पथ-लंबाई' ही संज्ञा अनेक वर्षे होती हे येथे लक्षात घ्यावे. म्हणजे 'दूरी'चे अपुरेपण हिंदी पाठ्यपुस्तकालाही वरच्या वर्गात जाणवले. ते खालच्या वर्गातच का जाणवू नये?

आक्षेप येतील. स्थान संस्कृत आणि बदल अरबी, असा संकर परिभाषेस शोभत नाही, असे म्हटले जाईल. हवाबदल, फेरबदल आणि अलीकडे हवामानबदल हे शब्द मराठीने कोणाची अनुज्ञा न घेता रूढ केले. शोभेचा प्रश्न तेथेच निकालात निघाला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' ही अखिल भारतीय परीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते; २०२१ पासून अभियांत्रिकीच्या पदवीचे शिक्षण मराठीसह अनेक भारतीय भाषांतून देण्याची वाट मोकळी झाली. अशा वेळी रूढ संज्ञा हलवणे म्हणजे विद्यार्थ्यांचा घात नव्हे काय? परंतु गुजराती विद्यार्थी 'स्थानांतर' आणि तमिळ विद्यार्थी 'इडप्पेयर्च्चि' शिकून त्याच परीक्षेस बसतात, आणि सूत्रांतील चिन्हे तर सर्वांना रोमनच असतात. संज्ञा भिन्न असल्याने कोणाचे अडलेले नाही. संकल्पना न कळल्याने मात्र पुष्कळांचे अडते. उलट मराठीतून उच्च तांत्रिक शिक्षण आता कोठे सुरू होत आहे, म्हणूनच दुरुस्तीची वेळ हीच. आणखी वीस वर्षांनी ग्रंथसंभार वाढल्यावर ती शक्य राहणार नाही.

सर्वच ठिकाणी बदल करावा असेही नाही. रसायनातील विस्थापन अभिक्रिया, द्रवातील विस्थापित पाणी यांना हात लावण्याचे कारण नाही. मॅक्सवेलच्या 'विस्थापन धारे'चे तर काहीच करता येणार नाही: निर्वातात तेथे काहीही विस्थापित होत नाही आणि नेहमीच्या अर्थाने धाराही नसते, मॅक्सवेलच्या मनातील एका यांत्रिक चित्राचा तो अवशेष आहे आणि अवशेष म्हणूनच सर्व भाषांत जपला जातो.

नव्या आवृत्त्या निघेपर्यंत काही काळ दोन्ही संज्ञा शेजारी-शेजारी छापाव्या लागतील, आणि परिभाषाकोशांना तसा निर्णय घेण्यास नेहमीप्रमाणे वेळ लागेल. तोवर नववीच्या वर्गातील शिक्षकाला कोणाच्या मंजुरीवाचून करता येण्याजोगे एक काम आहे: 'सर्वांत कमी अंतर' हे शब्द फळ्यावरून पुसावेत, त्या जागी 'स्थानातील बदल' असे लिहावे, आणि खाली लीलावतीतले झाड, तळे आणि दोन वानर काढून मुलांना दोन्हींच्या वाटा मोजावयास सांगाव्यात.